मिटल्या तोंडाचा सूर

दत्तू, तू सोमवारी गेलास. तुझं सलून सोमवारी बंद असतं, म्हणजे जातानाही तू एका गिऱ्हाइकाला खोळंबून ठेवलं नाहीस. दूधवाल्या अप्पाचा फोन आला तेव्हा मी घरी जेवायला बसलो होतो. ऐकलं, फोन ठेवला आणि ताटातली उरलेली भाकरी खाल्ली. मिसेसनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, दत्तू गेला. ती रडायला लागली आणि मी ताक मागितलं. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून तुलाच सांगतो. तू हसला असतास आणि म्हणाला असतास, "हवालदार, पेन्शन सुरू झाली तरी तुमची परेड काय थांबंना."

आज अठरा दिवस झाले, अजून मला रडू आलेलं नाही. फौजेत सोबतची माणसं गेली तेव्हा येत होतं, आता येत नाही. सकाळी साडेनऊला पाय तुझ्या दुकानाकडं वळतात. शटर खाली असतं. दोन मिनिटं उभा राहतो, मग काहीतरी काम असल्यासारखं दाखवायला मंडईतून कोथिंबिरीची जुडी घेतो आणि परत येतो. मिसेसनं परवा कोथिंबिरीच्या वड्या केल्या, चटणी केली, शेजारी वाटली, आणि शेवटी म्हणाली की आता उद्यापासून निदान मेथी तरी आणा.

मास्तर म्हणतात, आपल्या चौघांच्या भजनाचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवला पाहिजे. मास्तर म्हणजे आपले तेच, जन्मभर चौथीच्या पोरांना शुद्धलेखन घातलेले. चौघांतला एक कमी झाल्यावर त्यांना इतिहास आठवला. स्वतः लिहीत नाहीत, चुका काढायला मोकळे राहतात. मला म्हणाले, तुम्ही लिहा. मी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत 'दत्तू' लिहिलं, त्यामुळं तो इतिहास राहिला आणि हे तुझ्याशी बोलणं सुरू झालं. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक.

सुरुवात तुझ्याच खुर्चीत झाली. देवळातल्या भजनी मंडळात त्या वर्षी भांडण झालं होतं आणि पेटी वाजवणारा पेटी घेऊन रुसून गेला होता. रविवारी तुझ्या दुकानात गर्दी. मी खुर्चीत, मानेभोवती तुझं ते निळं कापड. बाकावर मास्तर आणि दूध संकलनवाला अप्पा, नंबर लावून बसलेले. मास्तरांनी वेळ जात नाही म्हणून उगीच एक गवळण धरली, त्यांचा तो उंच आवाज. मी खुर्चीतूनच ओळ उचलली. अप्पा खालून आला, त्याचा आवाज रिकाम्या कॅनमध्ये बोलल्यासारखा. आणि आमच्या तिघांच्या मधे कुठूनतरी एक सूर लागून राहिला, सरळ आणि न हलणारा. मला वाटलं, शेजारच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातला फ्रीज असेल. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, फ्रीज थांबला, सूर चालूच राहिला. तो माझ्या डोक्याच्या मागून येत होता.

मी मान वळवायला लागलो तर तू दोन बोटांनी माझं डोकं धरून सरळ केलंस. "हलू नगा हवालदार, कान जाईल."

तू कधी तोंड उघडून गायला नाहीस. मास्तरांनी किती प्रयत्न केले. शब्द शिकवले, आ लावायला सांगितलं. तू म्हणायचास, "मास्तर, तोंड उघडलं की केस घशात जात्यात. एवढ्या वर्साची सवय हाय, आता न्हाई उघडायचं." म्हणजे आम्ही तिघं अभंग गायचो, आणि तू ओठ मिटून, नाकातून श्वास घेत, तो एक सूर धरून ठेवायचास. आम्ही चढलो, घसरलो, ताल सोडून पळालो तरी तू होतास तिथंच. आम्ही परत यायचो ते तुझ्यापाशी. तेव्हा हे कळत नव्हतं. तेव्हा मला वाटायचं की म्होरक्या मी आहे.

आणि दुसरी तुझी तऱ्हा. समोर कुणाचंतरी डोकं असल्याशिवाय तुझा सूर लागायचा नाही. डोकं म्हणजे पाठमोरं. कुणी तुझ्याकडं तोंड करून बसलं की संपलं. म्हणून आपण स्टेजवर उभे राहायचो ते तसे. मास्तर डावीकडं, अप्पा उजवीकडं, मी मधे आणि तू बरोबर माझ्या पाठीमागं. लोक 'कात्री पार्टी' म्हणून चेष्टा करायचे. तू म्हणायचास, म्हणू द्या की, वस्तरा पार्टी म्हणत न्हाईत ह्येच लय झालं.

सांगलीची ती स्पर्धा आठवते का. बिनवाद्याची भजनं, टाळसुद्धा चालणार नाही, असा तिथल्या मंडळाचा नियम. मास्तरांनी पेपरात वाचलं आणि म्हणाले, हा नियम आपल्यासाठीच केलाय. अप्पाच्या दुधाच्या टेम्पोतून गेलो. पुढं अप्पा आणि मास्तर, मागं कॅनच्या जागी तू आणि मी. इस्लामपूरपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. नंतर म्हणालास, "हवालदार, स्टेजवर मागं वळून बघायचं न्हाई. वळलासा तर मी गाडीत जाऊन बसणार."

आपलं झालं आणि टाळ्या वाजल्या, पण तेवढ्यात विट्याकडच्या मंडळाचा म्होरक्या, तो जगन्नाथ, उठून उभा राहिला. म्हणाला, ह्यांनी लबाडी केली. ह्यांच्यात कुणाच्यातरी खिशात मोबाइलवर सूरपेटी वाजतीया. माणसाचा आवाज असा एकसारखा राहतच न्हाई. परीक्षकांनी आपले खिसे तपासले. तुझ्या खिशात कंगवा निघाला, माझ्या खिशात बीपीची गोळी. तरी त्याचं समाधान होईना. मग परीक्षक तुला म्हणाले, तुम्ही एकटे पुढं या आणि गाऊन दाखवा.

तू पुढं आलास. लोकांकडं तोंड करून उभा राहिलास आणि तुझ्या तोंडून काही निघालं नाही. सगळा मंडप बघतोय. तुझे हात मोकळे, ते कुठं ठेवावेत तुला कळेना. जगन्नाथ हसला, आणि त्याच्या हसण्याचा मला राग आला की तुझ्या गप्प राहण्याचा, मला अजून सांगता येत नाही. मी कडेची प्लास्टिकची खुर्ची ओढली, तुझ्यासमोर ठेवली, तुझ्याकडं पाठ करून बसलो आणि म्हणालो, "कटिंग कर." तुझी बोटं माझ्या कानामागं आली, मान थोडी खाली दाबलीस, आणि लागला. जगन्नाथ मोबाइल हातात धरून पार स्टेजला येऊन टेकला होता, चोरी पकडायला. मला समोर लोक दिसत होते, त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळत होतं की मागं काय चाललंय. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात जोडले. परीक्षकच शेवटी म्हणाले, बास, बास.

पहिला नंबर आपला. त्यानंतर आणखी दोनदा. ढाल अप्पाच्या संकलन केंद्रात, फॅट मोजायच्या मशीनच्या वर.

आता जे लिहायचंय ते लिहितो.

पहिल्या वर्षापासून तू मला एक गोष्ट विचारत होतास. सांगलीला जायच्या आधीच्या कटिंगला, कात्री चालवता चालवता, माझ्या डोक्याला सांगितल्यासारखं. "औंदा पारूला न्यायची म्हणतो." तुझी बायको पारू, आमच्या पारूवहिनी. त्यांनी तुझं गाणं कधी ऐकलेलं नव्हतं. तुझं दुकान पुरुषांचं, तिथं त्या कशाला येतील. देवळात तू गायचा नाहीस. घरी समोर बायको बसलेली, तिच्यासमोर तुझा सूर लागायचा नाही. राहिली ती स्पर्धा. आणि मी दरवर्षी म्हणायचो, "बघू पुढच्या वर्षी. टेम्पोत जागा कुठाय." तू म्हणायचास, "तेबी खरंच." विषय संपला.

यावरून मी तुझ्याशी अजून भांडतोय, ते तुला सांगायला हवं. कराड स्टँडवरून सांगलीला दिवसभर एसट्या जातात. तू वहिनींना तिकीट काढून बसवू शकला असतास, मला विचारायची गरजच नव्हती. मी काय तुझा सुभेदार होतो का. की तुलाही माझं नाही म्हणणं सोयीचं होतं. एवढ्या लोकांत त्या बसल्यात हे माहीत असताना सूर लागेल की नाही याची तुलाच भीती होती, आणि तू ती माझ्या टेम्पोच्या सबबीवर ढकललीस. असं असेल तर सांग. माझा निम्मा भार उतरेल. पण मला माहीत आहे, तू नुसतं मान हलवली असतीस आणि म्हणाला असतास, तेबी खरंच.

शेवटच्या कटिंगला तू पुन्हा विचारलंस. तू जायच्या आधीचा तो मंगळवार. "हवालदार, औंदा पारूला घिऊनच जाऊ. तिचं गुडघं हायत तंवर." मी पेपर वाचत होतो. वर न बघता म्हणालो, "तिला काय कळतंय सुरातलं." एवढंच बोललो. त्यात मला काही वाटलंही नाही. तू कटिंग करताना रोज गुणगुणायचास तो सूर थांबला. नुसती कात्री वाजत राहिली. तू मानेवरचे केस झटकलेस, आरसा मागं धरून दाखवलास आणि मी बरं आहे म्हणून निघालो. एवढ्या वर्षांत मुकी कटिंग ती एकच झाली, आणि मी ती ओळखली नाही.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर तुझ्या पोराचं मुंडण करायला वस्तरा धरणारा माणूस मिळेना. गावातले सगळे तुझ्याच हाताखाली शिकलेले, कुणाचा हात उचलेना. शेवटी उंब्रजहून एकाला बोलावलं. पोरगा शिरवळला कंपनीत नाइट करून करून वाळलाय. त्यानं मला विचारलं, "काका, आबांचा फोटू हाय का? बॅनर करायचाय." मी म्हणालो, हाय की, ढिगानं हायत. घरी येऊन सगळे काढले. स्टेजवरचे, बक्षिसाचे, पेपरात आलेले. दत्तू, एकाही फोटोत तू नाहीस. सगळीकडं मी आहे, छाती काढून. माझ्या कानाच्या बाजूला तुझा अर्धा खांदा दिसतो. एकात माझ्या खांद्यावर तुझी चार बोटं आहेत. तोंड कुठंच नाही, ते माझ्या डोक्यामागं. शेवटी पोरानं आधारकार्डावरचा फोटो मोठा केला. बॅनरवर तू पोलिसांनी पकडून आणलेला दिसतोस. चौकात लोक थांबून विचारत होते, कोण गेलं म्हणून.

ते सांगायला आणि माफी मागायला मी तुझ्या घरी गेलो. वहिनी सोप्यात भिंतीला टेकून शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "फोटूचं काय घिऊन बसलाय भावजी. मी तोंड बगितलंय की त्यांचं." मी बसलो. त्यांनी पाणी दिलं. जरा वेळानं म्हणाल्या, "तुमास्नी एक इचारू का. ते गायचे कसे?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तिसऱ्या दिसापासनं समदी येत्यात आन् सांगत्यात, दत्तूआबांसारखा सूर न्हाई, दत्तूआबांसारखा सूर न्हाई. मी व्हय म्हणती. मला काय म्हाईत. मी कवा ऐकलाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुमच्याकडं मोबाइलात असंल की. एकडाव ऐकवा मला."

मी मोबाइल काढला. सांगलीच्या बक्षिसाच्या वेळचं सगळं गाणं त्यात आहे. लावलं. वहिनी शेंगा बाजूला ठेवून ऐकायला लागल्या. मास्तर चढले, मी ओळ घेतली, अप्पा खालून आला. "ह्यात ते कुठं हायत?" मी म्हणालो, खाली सारखा वाजतोय तो. त्यांनी डोळे मिटले, कान दिला. "मला न्हाई गावत," म्हणाल्या. मी पुन्हा लावलं. पुन्हा म्हणाल्या, "तुमीच लय वरडताय भावजी." मग स्वतः तुझ्यासारखं तोंड मिटून दाखवायला गेलो. दोन श्वासांत संपलो, वर खोकला आला. वहिनींनीच मला आणखी पाणी दिलं. "असू द्या," म्हणाल्या, आणि शेंगा पुढं ओढल्या.

घरी येऊन मोबाइलमधलं, पेनड्राइव्हमधलं, मास्तरांच्या पोराच्या कॉम्प्युटरमधलं सगळं ऐकलं. सगळ्यांत तू आहेस आणि आम्ही तुझ्या अंगावर आहोत. आम्हाला बाजूला काढलं तर तू उरशील, पण आम्ही निघतच नाही. मास्तरांचा पोरगा म्हणाला, काका, असा एकच आवाज वेगळा नाही करता येत. अप्पा म्हणाला, दत्तू जायच्या आधी ही गोष्ट सुचायला पाहिजे होती. आम्ही तिघं तुझ्या बंद शटरसमोर उभे होतो. कुणी गायला सुरुवात केली नाही.

मग मला जगन्नाथ आठवला. चोरी पकडायला मोबाइल धरून स्टेजला टेकलेला जगन्नाथ. तेव्हा तू एकटा गात होतास आणि तो रेकॉर्डिंग करत होता. त्याचा नंबर शोधायला दोन दिवस गेले. फोन केला, नाव सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल. तू गेल्याचं सांगितलं आणि ते रेकॉर्डिंग अजून आहे का विचारलं.

"हाय माझ्याकडं," म्हणाला. "फोन बदलला पर ते काढलं न्हाई मी."

"एवढी वर्षं ठेवलंय?"

"पुरावा म्हणून घेतलं व्हतं. घरी येऊन ऐकलं तवाच कळलं, माणूस हाय म्हणून. दोन ठिकाणी नाकातनं श्वास घेतल्याला ऐकू येतोय." मग म्हणाला, "येऊन सांगायला पायजे व्हतं त्येला. न्हाई आलो. लाज वाटली, गड्या."

त्यानं ते लगेच माझ्या मोबाइलवर पाठवलं. लाजेपायी काय काय राहून जातं ते मी त्याला काय सांगणार होतो.

परवा दुपारी वहिनींकडं गेलो. कुणी नव्हतं. मी म्हणालो, वहिनी, ऐका, ह्यात फक्त दत्तू आहे, आम्ही कुणी नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, तू दारातून आत आल्यासारखा. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि लावलं. आधी खुर्ची ओढल्याचा आवाज, मग मी म्हणतो 'कटिंग कर', मग लोकांची कुजबुज, आणि मग तू.

मी वहिनींकडं बघत होतो. तू पहिला श्वास घेतलास तिथं त्यांच्या कपाळाला आठी पडली. ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखी. दुसऱ्या श्वासाला त्यांनी हात तोंडावर नेला.

"आवं," त्या म्हणाल्या, "ह्यो व्हय."

मी म्हणालो, हा.

"ह्ये तर ते झोपंत करायचे. लगीन झाल्यापासनं. मी कुशीवर पडलेली असायची आन् मागनं ह्यो आवाज यायचा. मला वाटायचं, घोरत्यात." मोबाइलवर तू अजून चालूच होतास. "मी कोपर मारून उठवायची, भावजी. गप पडा की म्हणायची, दिसभर राबून आलीया, झोपू द्या. ते बिचारे सॉरी म्हणायचे. मिलिटरीवाल्यागत, सॉरी."

तो शब्द माझा, दत्तू. तू तो माझ्याकडून उचललास आणि घरी नेलास. मला एकदाही म्हणाला नाहीस, म्हणायची वेळ नेहमी माझी होती आणि मी ती घालवली. तुझी बायको तुला रोज ऐकत होती आणि तिला ठाऊक नव्हतं. एकदा तिला टेम्पोत घेतलं असतं तर मंडपात बसून तिनं ओळखलं असतं, आणि त्या रात्रीपासून तुला कुणी कोपर मारलं नसतं. टेम्पोत जागा होती. कॅन काढले की चार माणसं आणखी बसतात.

परीक्षकांचं 'बास, बास' आलं आणि ते संपलं. वहिनींना परत कसं लावायचं ते मी दाखवलं, कुठं बोट ठेवायचं ते. त्यांनी बोट ठेवलं. या वेळी त्या ऐकताना माझ्याकडं बघत नव्हत्या. भिंतीकडं तोंड करून बसल्या, मोबाइल मागं खांद्यावर धरला, मानेपाशी.

"चालू द्या आता," त्या हळूच म्हणाल्या. "मी काय म्हणत न्हाई."

मी उठलो आणि चपला घातल्या. मोबाइल मागायचं धाडस झालं नाही. घरी आल्यावर मिसेसनं विचारलं, सारखा फोन लावतेय, उचलत का नाही, कुठाय मोबाइल. मी म्हणालो, दत्तूकडं राहिला.